सुट्टीचा दिवस आणि आपलेपणा : रोममधील वृद्ध फिलिपिनो स्त्रियांचे चर्चजीवन

स्थलांतरित स्त्रियांच्या अभ्यासात चर्चचा उल्लेख बहुधा ‘दुसरे घर’ या रूपकाने केला जातो. हे रूपक आकर्षक असले तरी त्यामुळे घर आणि श्रम यांचा संबंध झाकला जातो. रासेल सालाझार पारेन्यास यांनी ‘सर्व्हंट्स ऑफ ग्लोबलायझेशन’ (२००१) या रोम व लॉस एंजेलिस येथील फिलिपिनो घरकामगारांवरील ग्रंथात हा संबंध दृष्टिआड होऊ दिलेला नाही. रोममध्ये मालकांच्या घरी विखरून राहणाऱ्या या स्त्रियांचा समाज चर्च, रेल्वेस्थानक अशा मोजक्या ठिकाणीच आकार घेतो, हे त्यांचे निरीक्षण मूलगामी आहे.

फिलिपिन्सच्या १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी रोजगाराला शासकीय धोरणाचे रूप दिले. त्यानंतरच्या दोन दशकांत रोमला आलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी आता वृद्ध झाल्या आहेत. गुरुवारची दुपार आणि रविवार ही निवासी घरकामगारांची रूढ सुट्टी. सांता पुदेन्झियाना या फिलिपिनो समाजाच्या चर्चमधील जीवनाची लय या सुट्टीशी बांधलेली आहे. ‘सिम्बांग गाबी’ या नाताळपूर्व नऊ मिस्सा मायदेशी पहाटे होतात. स्थलांतरितांमध्ये त्या पुष्कळदा संध्याकाळी होतात. विधीची वेळही अशी रोजगाराने ठरते. पोप फ्रान्सिस यांनी १५ डिसेंबर २०१९ रोजी सेंट पीटर्समध्ये या समाजासाठी अशीच मिस्सा अर्पण केली. श्रद्धा जपणाऱ्या या स्त्रियांचा असा गौरव यथार्थच होय; परंतु गौरवाने वार्धक्याचा प्रश्न सुटत नाही.

ग्रंथाच्या २०१५ च्या आवृत्तीत पारेन्यास यांनी वृद्ध घरकामगारांचा विचार समाविष्ट केला. तो विचार चर्चच्या संदर्भात पुढे नेला असता एक विसंगती स्पष्ट होते. निवासी कामगार स्त्रीची नोकरी सुटली की तिचे छप्परही जाते. सुट्टीला अर्थ देणारा कामाचा आठवडाच उरत नाही. इतरांच्या घरी आज्ञा पाळणारी स्त्री चर्चमध्ये गायनवृंद चालवते, वर्गणी जमवते, सणाचे जेवण रांधते. तिथले तिचे स्थान या सेवेतून सिद्ध होते. मग गुडघे थकल्यावर, जिना चढवेनासा झाल्यावर, ते स्थान कशाच्या आधारे टिकावे?

केवळ उपस्थितांची मोजदाद करणारे संशोधन या प्रश्नापर्यंत पोहोचू शकत नाही, कारण चर्चला येऊ न शकणारी स्त्री त्याच्या कक्षेबाहेरच राहते. तिच्याकडे कोण जाते, तिच्या आजारपणात कोण बसते, याचा शोध घेतल्यावाचून चर्चमधील आपलेपणाचे मूल्यमापन अपुरेच राहील.