लेखणी आणि निर्णय : प्राथमिक वर्गातील लेखन-कार्यशाळेचा साहित्यविचार

प्राथमिक शाळेतील मुलांना लिहिते करणे ही वरवर पाहता अध्यापनशास्त्राची बाब वाटते. डोनाल्ड ग्रेव्ह्झ यांचा १९८३ मधील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर अमेरिकेत लेखन-कार्यशाळेची वर्गपद्धती विशेष रूढ झाली. मुलाने विषय स्वतः निवडावा, खर्डा करावा, शिक्षकाशी त्याविषयी बोलावे, पुनर्लेखन करावे व अखेर ते वर्गापुढे वाचावे, असे तिचे स्थूल रूप आहे. परंतु या पद्धतीच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्यविचाराचा आहे. शिक्षकाच्या सहवासात सिद्ध झालेल्या संहितेचे कर्तेपण कोणाकडे जाते?

या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज १८६२ मधील आहे. कोणी कोणाकडून लिहायला शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्नच शीर्षकात मांडणारा निबंध लिओ टॉलस्टॉय यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केला. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत त्यांनी मुलांना एका रशियन म्हणीवर गोष्ट रचण्यास सुचवले. चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा टोचायचा, असा त्या म्हणीचा आशय. मुलांना ते अशक्य वाटल्यावर टॉलस्टॉय स्वतः लिहू लागले. मुले भोवती जमली, दोष काढू लागली आणि पाहता पाहता भूमिका बदलल्या. फेद्का व सेम्का सांगत होते, तर ख्यातनाम कादंबरीकार लेखनिक झाला होता.

कथेतील एक सोयरा बायकी कोट अंगावर चढवतो. हा तपशील फेद्काचा. तो टॉलस्टॉय यांना प्रथम अनपेक्षित वाटला, पण त्या एका वस्त्रातून घराचे सारे वातावरण उभे राहते, हे त्यांनी ओळखले. मात्र या आनंदाबरोबरच त्यांनी एक अस्वस्थताही नोंदवली आहे. जे पाहण्याचा कोणालाही अधिकार नाही ते आपण चोरून पाहिले, एका निर्मळ मनाला आपण बिघडवले, अशी अपराधाची भावना त्यांना झाली. कार्यशाळेचे नंतरचे पुरस्कर्ते उत्साहाने बोलतात; ही भीती त्यांच्या लेखनात सहसा आढळत नाही.

पुढे त्या हस्तलिखिताची पाने मुलांनी कागदी फटाके करण्यात वापरून टाकली. तेव्हा फेद्का व सेम्का यांनी रात्री टॉलस्टॉय यांच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन कथा पुन्हा रचली. फेद्का खुर्चीत बसून सांगत होता, सेम्का दौतीत टाक बुडवून वेड्यावाकड्या ओळी लिहीत होता. शिक्षक दाराबाहेर होता. समीक्षेच्या दृष्टीने हा प्रसंग निर्णायक आहे, कारण लेखनिकाची जागा येथे शिक्षकाकडून मुलाकडे गेली.

या अनुभवातून टॉलस्टॉय यांनी रूसोला जवळचा निष्कर्ष काढला: मूल जन्मतःच सत्य, सौंदर्य व शिव यांच्या सुसंवादाजवळ असते. हा निष्कर्ष मोहक आहे, पण त्यांच्याच वर्गाने तो सिद्ध केलेला नाही. निबंधाच्या शेवटी दिलेले त्यांचे व्यावहारिक नियम अधिक नेमके आहेत. विषय गंभीर असावेत, मुलांना मुलांचेच लेखन वाचायला द्यावे, अक्षर, शुद्धलेखन व वाक्यरचना यांवर शेरे मारू नयेत. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक कल्पनांतून एक निवडणे, तिला शब्द देणे, तिची जागा ठरवणे, आधीचे लक्षात ठेवणे आणि लिहून काढणे ही कामे शिक्षकाने प्रारंभी अंशतः स्वतःकडे घ्यावीत व क्रमाने मुलाच्या स्वाधीन करावीत. येथे प्रतिभेचे गूढ नाहीसे होऊन निर्मितिप्रक्रियेतील श्रमविभागणी दिसू लागते.

केनेथ कोक या कवीने १९६८ पासून न्यूयॉर्कमधील एका प्राथमिक शाळेत जे केले, त्याच्याशी याची तुलना उद्बोधक ठरते. १९७० मधील आपल्या ग्रंथात कोक सांगतात की प्रत्येक ओळ एकाच इच्छादर्शक शब्दसमूहाने सुरू करण्यास त्यांनी मुलांना सांगितले आणि यमकाचा आग्रह सोडायला लावले. येथे लेखणी बहुधा मुलाच्या हाती होती, पण घाट आधीच ठरलेला होता. टॉलस्टॉय यांनी लेखणी स्वतःकडे ठेवून निर्णय मुलांना दिला. कोक यांनी लेखणी देऊन घाटाचा निर्णय स्वतःकडे ठेवला. मुक्त लेखन हे विशेषण या दोन्ही ठिकाणी सारखेच अपुरे आहे.

मराठी प्राथमिक वर्गात चालत आलेला, दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहिण्याचा प्रकार या मांडणीत ठेवला की त्याचे स्वरूप उघड होते. लेखणी मुलाच्या हाती असते, पण प्रसंग, क्रम, तात्पर्य आणि बहुतेक वेळा भाषाही ठरलेली असते. घरची बोली शुद्धलेखनाच्या लाल शाईखाली जाते. बायकी कोटाला तेथे जागा नसते, कारण तो मुद्द्यांत नसतो.

म्हणून मुलांच्या लेखनाचा तौलनिक अभ्यास निरागसतेच्या कौतुकापाशी थांबणे पुरेसे नाही. प्रत्येक संहितेत कोणता निर्णय कोणी घेतला, याचा माग त्याला काढावा लागेल. मुलाचे लेखन साहित्य म्हणून वाचण्याची ती किमान अट आहे.