‘वावडे’ आणि पुरावा

‘ॲलर्जी’ हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली घडविला. त्याला अभिप्रेत होती ती शरीराची पालटलेली प्रतिक्रिया. व्यवहारात मात्र ‘वावडे’ या मराठी शब्दाप्रमाणे, जे जे मानवत नाही ते ते सारे त्या शब्दाच्या कक्षेत येते. ही सैल व्याप्ती शास्त्रीय लेखनातही कशी शिरते, हे सिसिलिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासावरून दिसते.

टायटॅनियमचे दंतरोपण केलेल्या १५०० रुग्णांपैकी ९ जणांस, म्हणजे ०·६ टक्क्यांस, या धातूची ॲलर्जी आहे, असा त्यांचा निष्कर्ष. परंतु त्वचाचाचणी झाली ती त्यांतून संशयावरून निवडलेल्या ३५ जणांची आणि तुलनेसाठीच्या गटाची. उरलेल्यांचे ॲलर्जीमुक्त असणे गृहीत आहे, सिद्ध नव्हे. शिवाय ९ पैकी एका जणात ॲलर्जीची लक्षणे वा रोपणाचे अकारण अपयश यांपैकी काहीच नव्हते. त्वचेची प्रतिक्रिया आणि रोपणाचे अपयश यांचा कार्यकारणसंबंध त्यामुळे अनिर्णीतच राहतो.

प्रश्न मोजून पाहण्याचे श्रेय या अभ्यासाला निःसंशय आहे. मात्र ‘संशयित’ हे विशेषण गळून पडले, तर जंतुसंसर्गाने सुजलेल्या हिरडीचा दोष धातूच्या माथी येईल आणि खरा उपचार लांबेल. येथे शब्दाची काटेकोर योजना हा उपचाराचाच भाग होय.