बोटीवरचं जादा पैशांचं जेवण

क्रूझच्या तिकिटात तिन्ही त्रिकाळ जेवण असतं. तरी बहुतेक बोटींवर ‘स्पेशालिटी’ रेस्टॉरंटात माणशी वेगळे डॉलर मोजावे लागतात. ते वसूल होतात का?

प्रथा जुनी आहे. १९११ च्या ‘ऑलिंपिक’ बोटीवर पहिल्या वर्गासाठी असंच रेस्टॉरंट होतं. पण नेहमीचं जेवण नको म्हणणाऱ्याला तिकिटात सूट मिळे. २००० साली ‘सेलेब्रिटी’ कंपनीने त्याच बोटीची लाकडी तावदानं ‘मिलेनियम’वरच्या खास रेस्टॉरंटात बसवली. तावदानं आली, सूट काही आली नाही!

जादा पैशांत मिळतं ते ताजेपण. मोठ्या भोजनगृहात शेकडो पानं एका वेळी वाढायची असतात; इथे ऑर्डर आल्यावर तवा तापतो. मासे किंवा स्टेक खाणाऱ्याच्या जिभेला हा फरक कळतो. शाकाहाऱ्याला मात्र बऱ्याचदा दर तोच आणि पानात भाजलेल्या भाज्या! त्याने मुख्य भोजनगृहातच आदल्या दिवशी सांगून ठेवावं. आचारी भारतीय असला तर वरणभातही मिळू शकतो.

माझं मत विचाराल तर मासे खाणाऱ्यांनी सफरीत एक संध्याकाळ जरूर जावं. शाकाहारी कुटुंबाने ते पैसे किनाऱ्यावर खर्चावेत. ‘ओशनिया’सारखी कंपनी ही रेस्टॉरंटं तिकिटातच देते. म्हणून तुलना तिकिटाची नव्हे, एकूण खर्चाची करावी.