चित्रफितीची साक्ष : जँगो राइनहार्टचा हात आणि वऱ्हाडातील भटके वादक

युरोपातील रोमा वादकांनी घडविलेल्या जॅझ-संगीताचा विचार आजवर प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांच्या आधारे झालेला आहे. ह्या वादकांच्या चित्रफिती फार थोड्या उरल्या आहेत आणि त्या थोड्या असल्यामुळेच त्यांच्याभोवती कौतुकाचे वलय निर्माण झाले आहे. परंतु दुर्मिळता हा काही पुराव्याचा गुण नव्हे. एखादी चित्रफीत नेमकी कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही, हे तपासल्यावाचून तिचे मोल ठरत नाही. हा प्रश्न वऱ्हाडातील अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील तांड्यांवरचे गाणे आणि गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी गायकांचे वादन ह्यांचा अभ्यास करताना हाच प्रश्न उभा राहतो.

जँगो राइनहार्ट ह्याचा जन्म १९१० साली बेल्जममधील लिबर्शी येथे, मानूश ह्या रोमा शाखेतील एका भटक्या कुटुंबात झाला. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीस आग लागली. पत्नीने विक्रीसाठी केलेली सेल्युलॉइडची फुले पेटल्याने ती भडकली, आणि तीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. त्या काळच्या बहुतेक व्यावसायिक चित्रफिती ह्याच जातीच्या ज्वालाग्राही पदार्थाच्या असत. पुढे १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली ह्याच्यासह त्याने ‘हॉट क्लब’चे पंचवादक-मंडळ उभारले. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास, अशी ह्या तालवाद्यविरहित मंडळाची रचना होती. १९५३ साली जँगोचे निधन झाले. त्याच्या ध्वनिमुद्रिका शेकड्यांनी मोजाव्या लागतात. चित्रफिती मात्र मिनिटांत मोजाव्या इतक्याच आहेत. त्यांपैकी १९३८-३९च्या सुमारास तयार झालेला मंडळाचा लघुपट सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

ह्या लघुपटाचे महत्त्व त्यातील डाव्या हाताच्या दर्शनात आहे. केवळ तबकडी ऐकणारा श्रोता चार धडधाकट बोटांचीच कल्पना करतो. चित्रफितीत मात्र तर्जनी व मध्यमा ह्या दोनच बोटांवर एकेरी स्वरांचा सारा भार पडलेला दिसतो. आखडलेली बोटे स्वरसंघात धरताना बारीक तारांवर टेकण्यापुरती उपयोगी पडतात. हात आडवा पसरू शकत नाही, म्हणून तो गिटारीच्या दांड्यावर लांबीच्या दिशेने धावतो. कानाला जी केवळ शैलीची लकब वाटते, तिचा उगम अशा रीतीने हाताच्या चालीत सापडतो.

ह्यावरून दुखापत हेच प्रतिभेचे कारण होते असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. त्याच्या शेजारी बसलेल्या गिटारवादकांचे हात सुदृढ होते, आणि उजव्या हाताच्या आघातांनी ताल धरण्याची त्यांची पद्धत ही समूहाने जोपासलेली विद्या होती. ही विद्या स्वरलेखनाने नव्हे, तर जाणत्याच्या शेजारी बसून, त्याच्या हाताकडे पाहून आत्मसात केली जात असे. चित्रफीत अभ्यासकाला ती शेजारची जागा काही अंशी मिळवून देते. तिचे खरे मोल ते हेच.

मराठी वाचकाच्या मनात ‘जिप्सी’ हा शब्द अजूनही मुक्त, बेबंद जीवनाचे प्रतीक म्हणून वावरतो. मंगेश पाडगांवकर ह्यांच्या त्याच नावाच्या काव्यसंग्रहाने ते प्रतीक आपल्याकडे रुजविले. काव्यात ते शोभते. संशोधनात ते वाट चुकविते. पडद्यावर दिसतात ते लहर लागेल तसे छेडणारे भटके नसून परस्परांचा ताल काटेकोरपणे सांभाळणारे व्यावसायिक वादक आहेत.

आता मुंबईचे उदाहरण घ्यावे. १९३५ साली लिऑन ॲबे ह्याचे आफ्रिकी-अमेरिकी पथक ताजमहाल हॉटेलात आले आणि गोमंतकीय वादकांना जॅझचा प्रत्यक्ष सहवास लाभला. त्यांतील हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, हा ट्रंपेटवादक पुढे सी. रामचंद्र ह्यांचा साहाय्यक झाला. अमरावतीत जन्मलेल्या भगवान पालव ह्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटातील एका नृत्यगीतात तो आपल्या वाद्यवृंदासह दिसतो. हा पुरावा निश्चितच मोलाचा आहे. तथापि पार्श्वगायनाच्या रूढ पद्धतीनुसार गीत आधी ध्वनिमुद्रित होई आणि चित्रीकरणात वाजविण्याचा केवळ अभिनय केला जाई. त्यामुळे हे दृश्य वादकांच्या चेहऱ्यांची, वेषाची आणि चित्रसृष्टीने त्यांना दिलेल्या स्थानाची साक्ष देते. कोणता स्वर कोणत्या हाताने काढला, ह्याविषयी ते मूक राहते. दोन्ही चित्रफिती दुर्मिळ असल्या तरी त्यांची साक्ष भिन्न आहे.

हा विवेक बुलढाणा जिल्ह्यातील क्षेत्रकार्यास थेट लागू पडतो. मेहकर, लोणार ह्या भागांतील बंजारा तांड्यांवर नगारा व थाळीच्या साथीने भजने होतात. होळीला लेंगीगीते गायिली जातात. रोमांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे. त्यांच्या एक, दोन, तीन ह्या संख्यांची ‘येक, दुई, त्रिन’ ही रूपे कोणाही मराठी माणसाच्या ध्यानात येतील. परंतु तेवढ्यावरून रोमा आणि बंजारा ह्यांचे संगीत एक ठरविणे शास्त्रीय नव्हे. साम्य आहे ते विद्या हस्तांतरित होण्याच्या रीतीत. थाळीवरचा आघात मोकळा की दाबलेला, किंगरीची तार बोटाने किती दाबली, हे ऐकून पुरते कळत नाही. ते पाहावे लागते.

म्हणून असे चित्रण सलग, दोन्ही हात दिसतील असे आणि आवाज त्याच वेळी टिपून करावयास हवे. वादकाची संमती, त्याचे नाव, प्रसंग आणि स्वतःच्या वादनाचे त्याने केलेले विवरण ह्यांची नोंद त्यासोबत असावी. सजविलेले, नंतर आवाज जोडलेले महोत्सवी चित्रण ‘अलबेला’तील दृश्यापेक्षा अधिक काही सांगू शकणार नाही. जतनाची जबाबदारीही तितकीच गंभीर आहे. ‘आलम आरा’ (१९३१) ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही, आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट चित्रफितींचा मोठा साठा भस्मसात झाला. जँगोच्या हाताची काही मिनिटे उरली, हा योगायोग होय. मेहकर-लोणारच्या वादकांचे हात योगायोगावर सोडण्याचे कारण नाही.