पडद्यावरील रेषा व भिंतीवरील चित्र

डेव्हिड हॉक्नी या इंग्रज चित्रकारानें संगणकावर काढून कागदावर छापलेल्या मोठ्या चित्रांविषयीं आमच्या परिचितांत दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाच्या मतें हीं चित्रेंच नव्हेत, ही यंत्राची करामत. दुसऱ्या पक्षाला त्यांत कलेचें सारें भवितव्य दिसतें. चित्रें बारकाईनें कोणींच पाहिलेलीं नाहींत, एवढी एक गोष्ट मात्र उभय पक्षांस समान आहे. आम्हींहि तीं भिंतीवर पाहिलेलीं नाहींत, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. आमच्यासमोर आहे तो ग्रंथांतील वीतभर छाप. आणि पुढें जें म्हणावयाचें आहे त्याचा बराच भाग या वीतभर छापाच्या अपुरेपणाविषयींच आहे.

१९३७ सालीं ब्रॅडफर्ड येथें जन्मलेल्या या चित्रकाराचा छापण्याच्या यंत्रांशीं संबंध जुना. १९८६ मध्यें त्यानें कचेऱ्यांतून नकला काढण्यासाठीं वापरतात तें रंगीत झेरॉक्सचें यंत्र आपल्या कामीं जुंपलें. प्रत्येक रंगाचें रेखाटन वेगळ्या कागदावर करावयाचें, आणि छापावयाचा कागद पुन:पुन्हा यंत्रांतून काढून त्यावर एकावर एक रंग चढवावयाचा. 'होम मेड प्रिंट्स' या नांवाच्या त्या मालिकेंत नक्कल हातीं येते, पण जिची नक्कल करावी तें मूळ चित्र कोठेंच नसतें. आमच्या वाडवडिलांच्या दिवाणखान्यांतील रविवर्म्याच्या छापील चित्रांशीं ताडून पाहिलें म्हणजे यांतील नवेपण ध्यानांत येतें. १८९४ त मुंबईस निघालेल्या त्या छापखान्यांत तैलचित्र आधीं, आणि कारागिरांनीं रंगागणिक निरनिराळ्या दगडांवर उतरवून घेतलेली त्याची प्रतिकृति मागाहून, असा क्रम असे. त्यामुळें छापील लक्ष्मीकडे पाहतांना खरी लक्ष्मी कोठेंतरी राजवाड्यांत आहे ही जाणीव मनांत राहावयाची. हॉक्नीच्या चित्रांत ती राहत नाहीं.

संगणकाविषयीं त्याची जुनी तक्रार गतीची होती. हात रेघ ओढून मोकळा होई आणि पडद्यावरची रेघ मागाहून येई. रेखाटनकाराला याहून मोठा जाच नाहीं. यंत्रें वेगवान झालीं तेव्हां त्यानें फोटोशॉपमध्यें थेट चित्रें काढलीं, तीं शाईच्या फवाऱ्यानें कागदावर छापलीं, आणि २००९ मध्यें लंडनला 'ड्रॉइंग इन ए प्रिंटिंग मशीन' या नांवानें मांडलीं. पुढें यॉर्कशरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावर वसंत कसा उतरतो हें त्यानें २०११ त आयपॅडवर टिपलें. त्यांपैकीं ५१ चित्रें मोठ्या कागदांवर छापून, ३२ फलकांच्या एका तैलचित्रासह, २०१२ मध्यें रॉयल अकॅडेमींत लावलीं गेलीं.

तळहाताएवढ्या पडद्यावर काढलेली रेषा भिंतीवर टिकते कशी, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आम्हांस पडला तो हॉक्नीमुळें नव्हे, घरच्याच एका प्रसंगामुळें. आमच्या भाच्याला चित्रकलेची ओढ होती. त्याला चित्रशाळेंत घालूं नये, स्थापत्याकडे पाठवावें, असा सल्ला आमच्या बहिणीस आम्हींच दिला होता. तो आतां नोकरींत आहे, आणि रात्रीं घरच्या संगणकावर चित्रें काढतो. बहिणीच्या नव्या घराच्या भिंतीसाठीं त्यानें वाईच्या घाटाचें पावसाळी चित्र काढावयास घेतलें. लांबी ३६ इंच, रुंदी २४. इंचाला ३०० ठिपके धरले तर असल्या चित्रांत सात कोटी सत्त्याहत्तर लक्ष साठ हजार ठिपके होतात, आणि प्रत्येक थर तितकाच जड. त्याचा संगणक चौथ्या थरालाच धापा टाकूं लागला. तेव्हां त्यानें इंचाला १०० ठिपक्यांवर भागविलें. छापून आलेलें चित्र उलगडलें तेव्हां पडद्यावरचा हिरवा रंग शेवाळासारखा मळकट दिसत होता. पडदा स्वत: प्रकाश देतो, कागद उसना प्रकाश परत करतो, हें त्याला ठाऊक होतें, तरी त्याचा चेहरा उतरला.

"मामा, पडद्यावर तर हें उत्तम दिसत होतें हो," तो म्हणाला. "यंत्रच लहान पडलें."

आम्हांस तसें वाटलें नाहीं. निरोगी डोळ्याला हातभर अंतरावरून इंचांतले दोनअडीचशें ठिपके कदाचित् वेगळे कळतील. सहा फुटांवरून पन्नासहि पुरे. कोचामागच्या भिंतीवरील चित्र हाताच्या अंतरावरून कोण पाहतो? ठिपके कमी पडले नव्हते. त्यानें चित्र चारपट मोठें करून पायरी-पायरीवरची ओल, दगडांतली फट न् फट रंगविली होती. पडद्यावर एका वेळीं दिसे तो चित्राचा कोपरा. अख्खा घाट दृष्टीसमोर ठेवून तो क्वचितच बसला. परिणामीं तपशील विपुल, आणि दाराशीं उभें राहिल्यावर नदी कोणती व आकाश कोणतें तें कळेना.

वोल्डगेटच्या चित्रांकडे आम्ही पुन्हा वळलों ते या दृष्टीनें. तेथें रेघ जाड आहे, आणि जाड राहण्यास ती भीत नाहीं. झाडाची फांदी दोन फटकाऱ्यांत संपते. रस्ता तर जांभळा. चित्रकारानें आपली कांडी भिंतीच्या मापानें निवडली, पडद्याच्या नव्हे, हें वीतभर छापांतहि जाणवतें. अर्थात् सर्वच चित्रें सारखीं साधलेलीं नाहींत. कांहीं ठिकाणीं पानांचे ठिपके शिक्क्यासारखे एकामागून एक उठवलेले दिसतात, आणि आकाशाच्या तुकतुकीत छटेंत कुंचल्याच्या केसांची खरखर आम्हांस शोधूनहि सांपडली नाहीं. तैलरंगाला जी जाडी असते ती येथें मिळणारच नाहीं, आणि तिची उणीव भासूं नये इतका जोम प्रत्येक चित्रांत नाहीं. आणखी एक गोष्ट खटकते. हवे तितके छाप देणाऱ्या यंत्राला मोजक्या प्रतींवर थांबवून त्यांवर सही करणें ही कलेची गरज नसून बाजाराची आहे. मूळ नाहीं म्हणून अभिमान बाळगावयाचा, आणि दुर्मिळतेची किंमत मात्र घ्यावयाची, हा व्यवहार चतुर खरा, पण युक्तिवाद म्हणून लंगडा आहे.

भाच्याला आम्हीं यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. सल्ला देण्याचा आमचा हक्क पूर्वींच खर्ची पडला आहे. आमचा ग्रंथ मात्र तो घेऊन गेला. परवां बहिणीकडे गेलों तेव्हां कोचामागें वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून केलेला ३६ इंचांचा एक ताव टांगला होता, आणि त्यावर कोळशानें ओढलेल्या सातआठ रेघा होत्या. बहीण म्हणाली, "दारापाशीं जाऊन बघतो, परत येतो, पुसतो. चार दिवस हेंच चाललें आहे. संगणक अजून उघडलाच नाहीं."