आयरिश व्हिस्की: बाटलीची किंमत आणि घोटाची

मी कॉर्कमध्ये पोस्टडॉक करते. मिडल्टनची डिस्टिलरी इथून वीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे भारतात निघालेला ओळखीचा माणूस हमखास विचारतो, "बाबांसाठी कोणती नेऊ?" पूर्वी मी डोळे झाकून सांगायचे, 'परवडेल ती सगळ्यात महाग.' आता तसं सांगत नाही.

आधी हिशोब बघा. आयर्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून दारूला किमान किंमत आहे. ४० टक्क्यांची ७०० मिलिची बाटली दुकानात २२ युरोंच्या खाली मिळत नाही. त्यातले जवळपास १२ अबकारी कराचे, ४ व्हॅटचे. उरलेल्या ६ युरोंत व्हिस्की, काच, लेबल आणि दुकानदाराचा नफा. अबकारी कर दारूच्या प्रमाणावर लागतो, किमतीवर नाही. म्हणून ६५ युरोंच्या बाटलीत कर वजा जाता ४१ युरो उरतात. किंमत तिप्पट, पण ऐवज सातपट जवळ जातो. मग चवही सातपट का?

नवऱ्याने चार पेल्यांच्या तळाला चिठ्ठ्या लावून दिल्या. जेमसन ओळखणं सोपं होतं. हलकी, गोडसर, व्हॅनिलाची, आणि लगेच संपणारी. लोक तिला 'स्मूद' म्हणतात, पण नुसतं न टोचणं हा काही मोठा गुण नव्हे. आल्याच्या सोड्यात मात्र ती छान लागते.

ब्लॅक बुशला वासावरून मी रेडब्रेस्ट समजले. दोघींनाही ओलोरोसो शेरीच्या पिंपांमुळे मनुकांचा वास येतो. घोट घेतल्यावर चूक कळली. रेडब्रेस्ट १२ ही पूर्ण पॉट स्टिल. मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीही त्यात असते, आणि तिच्यामुळे जिभेवर तेलकट जाडपणा आणि सुंठ-जायफळाचा झणका येतो. तो मिनिटभर रेंगाळतो. शिवाय पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के माल हवेत उडतो, त्यामुळे बारा वर्षांचे पैसे लागणारच.

पण मला चकित केलं पॉवर्स गोल्ड लेबलने. ४३.२ टक्के, मिश्रणच, तरी मिरी, दालचिनी, मध, सगळं ठणठणीत. मला ती तिशीच्या थोडी वर मिळते. म्हणजे किमान किमतीवर दहाएक युरो जास्त टाकले की करानंतरचा ऐवज दुपटीहून अधिक होतो. रेडब्रेस्ट पॉवर्सपेक्षा सरस आहेच, पण दुप्पट पैशात दुप्पट नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांना रेडब्रेस्ट नेली होती. ती नाशिकच्या शोकेसमध्ये अजून सीलबंद आहे. "एवढी महाग, उगाच कशाला फोडायची?" गेल्या खेपेला पॉवर्स नेली. ती त्यांनी त्याच संध्याकाळी उघडली, शेंगदाण्यांची वाटी घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "हिला जरा तिखट आहे गं."

म्हणून आता विचाराल तर सांगेन, बाबा उघडतील ती न्या. रेडब्रेस्ट न्यायचीच असेल, तर सील स्वतः फोडून द्या.