खुर्चीचे सौंदर्यशास्त्र आणि बसण्याचा हक्क

आधुनिक फर्निचरचा इतिहास सांगणारी प्रस्थापित समीक्षा खुर्चीचे पाय मोजते, पाठीचा कोन मोजते, लाकडाची जात सांगते. पण त्या खुर्चीवर कोणी बसायचे आणि कोणी तिच्यापुढे उभे राहायचे, याविषयी ती मौन पाळते. हे मौन निर्व्याज नाही. ज्या समाजात माणसाची बसण्याची जागा जन्माने ठरते, त्या समाजात खुर्ची ही निव्वळ वापरायची वस्तू राहत नाही. म्हणून तिच्या सौंदर्याचा विचार आपण आपल्या अनुभवाच्या बाजूने केला पाहिजे.

निमित्त साधेच घडले. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. ओसरीवर सागवानी, वेताने विणलेल्या, कंपासासारखे फाकलेले पाय असलेल्या खुर्च्या होत्या. ‘चंदीगडच्या खुर्च्यांची नक्कल आहे,’ असे व्यवस्थापकांनी अभिमानाने सांगितले. फाटकावर याच तालुक्यातला रखवालदार दिवसभर उभा होता. त्याला साधे स्टूलही नव्हते.

या खुर्च्यांची परंपरा मात्र समतेची भाषा बोलत जन्माला आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, जर्मनीतल्या वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा निघाली. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ मध्ये सायकलच्या हँडलवरून कल्पना घेऊन पोलादी नळीची खुर्ची बनवली. पुढे संचालक झालेल्या हान्नेस मायर यांनी चैनीऐवजी लोकांच्या गरजेचा आग्रह धरला. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली. नक्षीला आणि सिंहासनी थाटाला दिलेला हा नकार आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे; कारण नक्षी म्हणजे बहुतेक वेळा लाकडावर कोरलेली वंशावळच. परंतु त्याच शाळेत मुलींना बहुधा विणकामाच्या विभागाकडेच वळवले जाई. वस्तूची रेषा सरळ केल्याने माणसांची उतरंड आपोआप सरळ होत नाही, याचा पुरावा खुद्द बाउहाउसनेच दिला.

हाच विचार १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे यांच्याबरोबर चंदीगडला आला. जानरे तेथे १९६५ पर्यंत राहिले. नव्या राजधानीतील कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्यासाठी साग आणि वेत वापरून, स्थानिक कारागिरांच्या हातून, हजारो खुर्च्या-टेबले घडली. पुढे तीच मोडकी झाली म्हणून भंगाराच्या भावाने लिलावात गेली आणि परदेशातील लिलावगृहांत लाखांच्या किमतीला विकली जाऊ लागली. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसावस्तूंच्या विक्रीला बंदी घातली. इतिहासात नाव जानरे यांचे राहिले. या कामात वाटा असलेल्या भारतीय वास्तुरचनाकार उर्मिला युली चौधरी यांचे नाव उशिरा आणि दबक्या आवाजात घेतले गेले. ज्यांनी रंधा मारला, ज्यांनी वेत विणला, त्यांची नावे लिलावाच्या यादीत शोधू नका. स्वतंत्र देशाच्या कारकुनासाठी केलेली खुर्ची धनिकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसली आणि समीक्षेने त्याला कलेचा गौरव म्हटले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जगप्रसिद्ध खुर्च्यांचे कर्ते चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यातून प्रेरणा घेऊन १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी लोट्याचे मनापासून कौतुक केले. तो हातात कसा बसतो, कसा उचलला जातो, पाणी कसे ओततो, त्याची किंमत काय, असे अनेक प्रश्न त्यांनी विचारले. या लोट्याला शिवायचे कोणी, आणि कोणाच्या ओंजळीत तो वरून ओतला जातो, हा प्रश्न मात्र त्यांत नव्हता. पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांना लोटा दाखवणाऱ्यांनी तो सांगितला नाही.

आपल्या फर्निचरचा इतिहास वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावत नसे. १९१७ मध्ये परदेशी विद्या घेऊन तेच आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत आणि ते उठले की सतरंजी गुंडाळत. शिक्षणाने खुर्ची मिळवून दिली, पण खुर्चीखालची जात तशीच राहिली. २०१९ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी गढवालमध्ये एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून दलित तरुणाला मारहाण झाल्याचे त्याच्या घरच्यांनी सांगितले. पुढे तो इस्पितळात मेला. तो सुतारकाम करणारा होता. २०२० मध्ये तमिळनाडूत पंचायतीच्या दलित अध्यक्षाबाईंना बैठकीत जमिनीवर बसवल्याचे छायाचित्र देशाने पाहिले.

या पार्श्वभूमीवर मी एक अरसिक विधान करतो. आपल्याकडची सर्वांत आधुनिक खुर्ची चंदीगडची नव्हे, मंडपवाल्याकडे भाड्याने मिळणारी प्लास्टिकची खुर्ची आहे. अभिरुचीवाले तिला कुरूप म्हणतात. पण एका साच्यातून निघालेल्या त्या खुर्च्यांत थोरली-धाकटी नाही. गावच्या बैठकीत आयुष्यभर उंबऱ्याशी टेकलेला माझा बाप भीमजयंतीच्या मंडपात अशाच खुर्चीवर पाठ टेकून बसला, ते मी पाहिले आहे. बाउहाउसचे स्वप्न मला त्या रांगेत दिसले. त्याच मंडपात पुढे पुढाऱ्यांसाठी मखमली सोफा मांडलेला होता, हेही लिहिले पाहिजे. प्रस्थापितांची उतरंड आपण भाड्याने का आणतो?

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. मला तो फर्निचरच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा वाटतो. आमच्या मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत पाठीच्या मणक्याला जपणाऱ्या फिरत्या खुर्च्यांच्या रांगा आहेत आणि दारांवर उभी माणसेही आहेत. कोणतीही खुर्ची सुंदर म्हणण्यापूर्वी त्या माणसांकडे पाहावे. मुळशीच्या त्या फाटकाशी जोवर एक स्टूल ठेवले जात नाही, तोवर ओसरीवरच्या सागवानी खुर्चीला आधुनिक म्हणायला मी तयार नाही.